बीन थांबली, मींड चालू राहिली

इंदूरच्या बीनकार घराण्याचे सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ आणि त्यांच्या तारेचा वारसा

१९६० च्या ‘कोहिनूर’ चित्रपटात हमीर रागातलं एक गाणं आहे. चाल नौशादांची, शब्द शकील बदायुनींचे, आवाज महंमद रफींचा. गाणं ऐन रंगात आलं की पडद्यावर दिलीपकुमारांचा हात दिसतो. सतारीवर नुसतीच बोटं फिरवून वेळ मारून नेणारे नट आपण पुष्कळ पाहिलेत. दिलीपकुमारांनी मात्र या एका प्रसंगासाठी सतार शिकून घेतली होती. त्यांना शिकवणारे आणि गाण्यात प्रत्यक्ष वाजवणारे एकच होते : उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ. त्या गाण्याला साठाहून अधिक वर्षं झाली, तरी ते रेडिओवर, लग्नघरात, स्पर्धांच्या मंचावर वाजतंच आहे. सतार कोणाची, हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

४ जानेवारी २०१७ रोजी खाँसाहेब मुंबईत गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर सतारीची तीन नावं एका दमात घेतली जायची : पंडित रविशंकर, उस्ताद विलायत खाँ आणि उस्ताद हलीम जाफर खाँ. विलायत खाँ २००४ साली गेले, रविशंकर २०१२ साली. तिसरं नाव सर्वांत शेवटी मावळलं. पहिली दोन नावं जगभर घरोघरी पोहोचली, हे मात्र जाणकारांच्या बैठकीत राहिलं. त्यांना सन्मान मिळाले नाहीत असं नाही. १९७० साली पद्मश्री, १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००६ साली पद्मभूषण त्यांना मिळालं. पण सन्मानांची यादी वाचून त्यांची सतार कळत नाही. ती कळायची तर त्यांच्या घराण्याच्या नावापाशी जावं लागतं, आणि ते नाव आहे इंदूर.

खाँसाहेबांचा जन्म माळव्यातल्या जावऱ्याचा. जावरा हे नवाबी संस्थान होतं, आज ते रतलाम जिल्ह्यात आहे. आयुष्य सगळं मुंबईत गेलं. पहिली तालीम मिळाली उस्ताद बाबू खाँ यांच्याकडून, पुढची उस्ताद महबूब खाँ यांच्याकडून. बाबू खाँ इंदूरच्या बीनकारांपैकी. म्हणून मुंबईत वाढलेला हा वादक स्वतःला अखेरपर्यंत इंदूरच्या बीनकार घराण्याचा म्हणवत राहिला. सतारवादकाच्या घराण्याला बीनेचं नाव का, हा प्रश्न इथेच पडतो. त्याच्या उत्तरासाठी होळकरांच्या दरबारात जावं लागतं.

दरबार आणि बीन

बीन म्हणजे रुद्रवीणा. पोकळ दांडीच्या दोन्ही टोकांना दोन मोठे भोपळे, दांडीवर मेणाने पक्के बसवलेले उंच पडदे, स्वराच्या चार तारा आणि बाजूला चिकारीच्या. आवाज मोठा नाही. पण तार एकदा छेडली की तिचा नाद रेंगाळतो, आणि तो विरण्याआधी डाव्या हाताने तार ओढून सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर अखंड नेता येतो. हीच मींड. धृपदियांच्या घरात आलापाची तालीम गळ्याला आणि बीनेला बरोबरीने मिळत असे, त्यामुळे बीन वाजवणारा गात असे आणि गाणारा बीनेसारखा विचार करत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदूरच्या दरबाराशी उस्ताद बंदे अली खाँ यांचं नाव जोडलं गेलं. त्या काळातले बीनेचे सर्वांत मोठे वादक म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांच्याबद्दलची एक कथा माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजा वादनावर इतका खूश झाला की म्हणाला, हवं ते माग. बंदे अलींनी जहागीर मागितली नाही, सोनं मागितलं नाही. दरबारातली गायिका चुन्नाबाई मागितली. कोणी हा प्रसंग इंदूरचा सांगतं, कोणी ग्वाल्हेरचा. कथा खरी किती हा वेगळा प्रश्न. पण बीनेच्या बदल्यात गळा मागणारा बीनकार लोकांना आठवावासा वाटला, यात त्या संगीताची ओळख आहे.

बंदे अलींचं देणं महाराष्ट्राच्या दारात थेट आलं. किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम इंदुरात होता. ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयीचं काम करणारा एक मुलगा गोड गात असे. बंदे अलींनी त्याचं गाणं ऐकलं आणि त्याला तालीम द्यायला सुरुवात केली. तो मुलगा म्हणजे भास्करबुवा बखले. पुढे त्यांनी बडोद्याच्या फैज महंमद खाँ यांच्याकडे, आग्र्याच्या नत्थन खाँ यांच्याकडे आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे विद्या घेतली, १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली, बालगंधर्वांना आणि मास्टर कृष्णरावांना घडवलं, ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. त्या मोठ्या प्रवासाचं सुरुवातीचं एक पाऊल इंदुरात एका बीनकारापाशी पडलं होतं. बंदे अलींचा शेवटही पुण्यातच झाला, १८९५ साली.

उलट दिशेची वाहतूकही तितकीच जुनी. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे इंदूर दरबारात आले आणि पखवाजाची एक नवी परंपराच त्यांनी उभी केली. पुढे त्यांच्या शिष्यशाखेने महाराष्ट्रातले पखवाजी आणि तबलजी घडवले. इंदूर मराठी संस्थान होतं, दरबाराची भाषा मराठी होती आणि तिथल्या मैफलीत उत्तरेचे उस्ताद बसत. दोन प्रदेशांचं संगीत एकमेकांच्या घरी राहायला यावं, अशी ती जागा होती.

बंदे अलींचे शिष्य मुराद खाँ बीनकार पुढे महाराष्ट्रात फिरले. त्यांच्याकडून ती विद्या कृष्णराव कोल्हापुरे यांच्याकडे आणि कृष्णरावांकडून त्यांचे पुत्र पंढरीनाथ यांच्याकडे आली. कृष्णराव हे मास्टर दीनानाथांच्या बळवंत नाटक मंडळीशी जोडलेले, पंढरीनाथ हे अभिनेत्री पद्मिनी कोल्हापुरे यांचे वडील. मराठी नाटक आणि हिंदी सिनेमा या दोन्हींच्या आतल्या खोलीत इंदूरची बीन अशी कुठेतरी टांगलेली होती.

शुक्रवारची बैठक

होळकरांच्या पदरी सारंगी वाजवणारे शाहमीर खाँ इंदुरात राहत. दर शुक्रवारी त्यांच्या घरी कलावंतांची बैठक जमे. देवासचे रजब अली खाँ येत, बीनकार मुराद खाँ येत, धृपदिये नसीरुद्दीन खाँ डागर येत. रजब अली स्वतः बंदे अलींकडे शिकलेले, आणि त्यांच्या तानांची बिकट वळणं ऐकणाऱ्याला थक्क करत. नसीरुद्दीन खाँ तेव्हा इंदूर दरबारात होते. त्यांचे पुत्र मोइनुद्दीन आणि अमीनुद्दीन हेच पुढे थोरले डागर बंधू म्हणून जगभर ऐकले गेले.

बैठकीच्या एका कोपऱ्यात घरातला मुलगा बसून ऐकत असे. तो उस्ताद अमीर खाँ. वडिलांनी त्याच्याकडून मेरुखंडाचा, म्हणजे स्वरांचे क्रम उलटसुलट मांडण्याचा, अवघड अभ्यास घोटवून घेतला. पण त्याच्या अतिविलंबित ख्यालात राग जसा सावकाश उलगडतो, एकेका स्वरावर जसा थबकतो, पुढच्या स्वराकडे जसा घसरत जातो, ते ऐकताना बीनेचा आलाप आठवल्यावाचून राहत नाही. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात मोटार अपघातात अमीर खाँ गेले, आणि त्यांच्या मागे ज्या गायकीला लोक इंदूर घराणं म्हणू लागले तिच्यात मुराद खाँसारख्यांच्या त्या शुक्रवारच्या संगतीचा वाटा आहे, असं मला खात्रीने वाटतं.

सतारीच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. विलायत खाँ यांचे आजोबा इमदाद खाँ यांनीही इंदूर दरबारात चाकरी केली होती. रविशंकरांचे गुरू बाबा अलाउद्दीन खाँ यांची विद्या रामपूरच्या वजीर खाँ बीनकारांची. आणि हलीम जाफर खाँ हे इंदूरच्या बीनकारांचे. विसाव्या शतकात सतारीचे जे तीन मोठे प्रवाह झाले, त्या तिघांनीही बीनेचंच पाणी प्यायलेलं आहे. मात्र पाण्याचं नाव घराण्यात जपलं ते एकट्या हलीम जाफर खाँ यांनी.

एका सुराचा पल्ला

सतारीच्या वर्गात जाऊन बसावं आणि शिक्षकाच्या डाव्या हाताकडे बघावं. उजव्या हाताची तर्जनी मिजराबीने, म्हणजे तारेच्या नखीने, बाजाची पोलादी तार छेडते. नवख्याचं लक्ष त्या हाताकडे असतं, कारण आवाज तिथून निघाल्यासारखा वाटतो. खरी गोष्ट डावीकडे घडते. तर्जनी आणि मधलं बोट पडद्यावर तार दाबतात आणि तिला दांडीच्या काठाकडे आडवी ओढतात. तार ताणली जाते, सूर चढतो. सतारीचे पडदे कमानदार असल्यामुळे तारेला सरकायला जागा मिळते. तयार हात एकाच पडद्यावरून चार-पाच स्वर काढतो, मधल्या सगळ्या जागांना स्पर्श करत. सोडतानाही तार एकदम सुटू द्यायची नाही. तिला परत तिच्या जागी नेऊन ठेवायचं. किती ओढलं म्हणजे पंचम लागतो, हे डोळ्यांना दिसत नाही. पडदा गंधाराचा, ऐकू येणारा स्वर पंचम, आणि मधलं अंतर फक्त कानाने आणि बोटाच्या कातडीने मोजायचं. शिकणाऱ्याच्या बोटाला आधी चिरा पडतात, मग फोड येतात, मग घट्टे पडतात. घट्टे पडल्यावर मींड साधायला लागते.

खाँसाहेबांनी या डाव्या हातावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या वादनशैलीला जाफरखानी बाज म्हणतात. मसीतखानी आणि रजाखानी ही सतारीच्या गतींची जुनी नावं आहेत, एक संथ चालीची, एक द्रुत. त्या ओळीत विसाव्या शतकातल्या वादकाचं नाव येऊन बसावं ही लहान गोष्ट नाही. जाफरखानी बाजात मिजराबीचा मारा कमी आणि डाव्या हाताचं बोलणं जास्त. एका आघातात मींड, त्या मींडेच्या पोटात मुरकी, तिथूनच कृंतन, तिथूनच जमजमा. कृंतन म्हणजे दाबलेली तार डाव्या बोटानेच खुडून पुढचा स्वर काढणं, जमजमा म्हणजे दोन स्वरांची जलद गुंफण. इतर वादक जिथे तीन-चार आघात करतील, तिथे हे एकाच आघाताचा नाद पुरवून पुरवून वापरतात. बीनकाराची हीच सवय : नाद विरण्याआधी त्याच्याकडून जास्तीत जास्त बोलून घ्यायचं. बीनेवरच्या बंदिशीही त्यांनी सतारीवर आणल्या.

त्यांचा कान बंदिस्त नव्हता. कर्नाटक संगीतातले किरवाणी, लतांगी यांसारखे राग त्यांनी हिंदुस्थानी सतारीवर वाजवले. कर्नाटक वीणेचे थोर वादक इमानी शंकर शास्त्री यांच्याबरोबर जुगलबंदी केली. उत्तर आणि दक्षिण एका मंचावर बसवणं आज सहज झालं आहे. त्या काळी तसं करायला धीर लागे.

पोट आणि कला

वडील गेल्यावर घरची ओढाताण सुरू झाली आणि तरुण हलीम जाफर खाँ सिनेमाच्या वाद्यवृंदाकडे वळले. ख्वाजा खुर्शीद अन्वर यांनी ‘परवाना’साठी त्यांना सतार वाजवायला बोलावलं. १९४७ साली आलेला हा चित्रपट कुंदनलाल सैगलांचा अखेरचा. त्यानंतर एस. एन. त्रिपाठी, सज्जाद हुसेन, नौशाद, सी. रामचंद्र, मदन मोहन अशा संगीतकारांबरोबर त्यांचं काम सुरू राहिलं.

सिनेमात वाजवणारा शास्त्रीय वादक घराण्याला बट्टा लावतो, असं त्या काळी मानलं जाई. या समजुतीने किती कलावंतांची मनं दुखावली असतील. वस्तुस्थिती अशी की ज्या माणसाने कधी मैफलीचं तिकीट काढलं नाही, त्याच्या कानावर सतारीची मींड पहिल्यांदा पडली ती चित्रपटामुळे. कोल्हापूरच्या टुरिंग टॉकीजमध्ये, नागपूरच्या रेडिओवर, खेड्यातल्या लाउडस्पीकरवर. त्या मींडेचं मूळ इंदुरात आहे हे श्रोत्याला माहीत नसेना का, ती त्याच्या मनात मुक्कामाला आली हे खरं.

या प्रकरणात एका मराठी संगीतकाराचं ऋण आवर्जून सांगितलं पाहिजे. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’चं (१९५५) संगीत वसंत देसाईंचं. त्यातलं अडाणा रागातलं शीर्षकगीत गायलं अमीर खाँ यांनी, आणि चित्रपटात हलीम जाफर खाँ यांची सतारही होती. चार वर्षांनी आलेल्या ‘गूँज उठी शहनाई’लाही संगीत देसाईंचंच. तिथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबर हलीम जाफर खाँ यांच्या सतारीची जुगलबंदी आहे, आणि अमीर खाँ यांच्या आवाजातली रागमालाही आहे. इंदूरचा गळा आणि इंदूरची तार दोनदा एका छताखाली आणली, ती सावंतवाडीकडच्या एका मराठी माणसाने. इंदूरकरांनी वसंत देसाईंचं नावही या वारशात मोजायला हवं.

ब्लूजशी भेट

१९५८ साली अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक आपल्या चौकडीसह भारतात आले. पोलंड, तुर्कस्तान असं करत ते मुंबईत पोहोचले तेव्हा त्यांची गाठ हलीम जाफर खाँ यांच्याशी पडली. दोघे एकत्र वाजवायला बसले. एकाकडे सुरांचे पक्के दगड मांडलेला पियानो, दुसऱ्याकडे दोन सुरांमधली सगळी जमीन मोकळी असलेली सतार. ब्रुबेकनी पुढे सांगितलं की त्या संगतीने त्यांच्या वाजवण्यात बदल झाला, आणि राग, स्वरमेळ वेगळे असूनही दोघांनी एकमेकांना समजून घेतलं. त्याच वर्षी त्यांनी प्रवासातल्या आठवणींवर ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यातल्या एका रचनेचं नाव आहे ‘कलकत्ता ब्लूज’.

ब्लूज हे नाव इथे येतं ते उगीच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांनी ते संगीत घडवलं. गुलामगिरी कायद्याने संपली होती, जाच संपला नव्हता. बारा मात्राखंडांचं एक आवर्तन, त्यात एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. गाणारा थांबला की गिटार बोलते. आणि गिटारीने बोलायचं तर तिच्या तारेला ओढ द्यावी लागते. पाश्चात्त्य स्वरपट्टीत कोमल आणि शुद्ध गंधार असे दोन वेगळे पडदे आहेत. ब्लूजचा स्वर त्या दोघांच्या मधे कुठेतरी लागतो. तो पडद्यावर सापडत नाही, तार ओढूनच मिळवावा लागतो. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलरच्या रेल्वे स्टेशनवर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी एका अनोळखी माणसाला गिटारीच्या तारांवर सुरी घसरवत वाजवताना ऐकलं. पुढे हँडी यांनी ब्लूज कागदावर उतरवले, १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’ छापलं. अमीर खाँ यांचा जन्म त्याच वर्षीचा.

ब्लूज गिटारीचे सर्वांत मोठे राजदूत म्हणजे बी. बी. किंग. त्यांचा नातलग बुका व्हाइट तारांवर नळी घसरवून वाजवत असे. ती युक्ती किंगना काही केल्या जमेना. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट तारेवर थरथरवून तोच हुंदका काढायचा प्रयत्न केला, आणि त्या प्रयत्नातून जगाने ओळखावा असा त्यांचा कंप जन्माला आला. १९४९ साली ट्विस्ट गावातल्या नृत्यगृहाला आग लागली. जळत्या इमारतीत परत शिरून त्यांनी आपली गिटार बाहेर काढली. ज्या बाईवरून झालेल्या भांडणात ती आग लागली तिचं नाव ल्युसिल. त्यानंतर प्रत्येक गिटारीला त्यांनी तेच नाव दिलं. १४ मे २०१५ रोजी ते गेले.

दोन्ही संगीतांची मुळं वेगळी, दुःखं वेगळी, शास्त्र वेगळं. ब्लूज आणि आलाप एकच आहेत असं म्हणणं दोघांवर अन्याय करणारं होईल. पण एका गोष्टीत दोघांची हातोटी जवळ येते. आपल्याकडच्या एका वाद्याने दुसऱ्या वाद्याचा आवाज काढायचा ध्यास. किंगनी नळीचा आवाज बोटात आणला. हलीम जाफर खाँ यांनी बीनेचा आवाज सतारीत आणला. ज्याच्यासारखं व्हायचं ते पूर्णपणे साधलं नाही, आणि त्या न साधण्यातूनच नवी वाट निघाली. दरबारीचा आंदोलित गंधार ऐकलेल्या कानाला म्हणूनच ब्लूजमधला ओढलेला गंधार परका वाटत नाही.

खाँसाहेबांचा पुढचा परदेशी सोबती गिटारवालाच होता. १९६३ साली इंग्रज वादक ज्युलियन ब्रीम यांच्याबरोबर त्यांनी वाजवलं. रविशंकर अमेरिकेतल्या माँटेरीच्या महोत्सवात पोहोचायला अजून चार वर्षं होती. त्या मानाने या भेटींची चर्चा झाली नाही. पण पुढची माणसं त्याच रस्त्याने गेली. विश्वमोहन भट्ट यांनी आपल्या मोहनवीणेवर अमेरिकेच्या राय कूडरच्या घसरत्या गिटारीबरोबर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ केलं, आणि १९९४ साली त्याला ग्रॅमी मिळालं. तिथे ब्लूजची घसरण आणि आपली मींड समोरासमोर बसून बोलताना ऐकू येते.

आज काय उरलं

बीन आता फार थोड्या हातांत आहे. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर १९९० साली गेले. पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांनी उभारलेल्या गुरुकुलात त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर ही विद्या चालवत आहेत. जयपूरच्या बीनकार परंपरेचे असद अली खाँ २०११ साली गेले. दरबार गेले, लहान दिवाणखाने गेले, हजार श्रोत्यांच्या सभागृहात बीनेचा हळुवार नाद मागच्या रांगेपर्यंत पोहोचेना. शिकायला दहा-पंधरा वर्षं द्यावी लागतात आणि पोट भरण्याची हमी नाही. या कारणांपुढे नुसतं प्रेम अपुरं पडतं.

सतारीची गोष्ट वेगळी. आपल्याच मिरजेत ती दीडशेहून अधिक वर्षं घडते आहे. मंगळवेढा-पंढरपूरच्या भागातले भोपळे येतात, वाळवले जातात, दांडी जोडली जाते, तरफा बसतात, जवारी लावली जाते. जवारी म्हणजे हाडाच्या घोडीचा माथा कानसून इतका नेमका उतार देणं की तार तिला घासत वाजावी. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरज हे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांचंही गाव. करीम खाँ गात तसे बीनही वाजवत, आणि त्यांचं घराणं बंदे अलींना आपल्या मूळ पुरुषांत मोजतं. म्हणजे इंदूरच्या बीनेचा एक धागा मिरजेच्या गल्लीपर्यंत येऊन पोहोचतोच.

इंदुरात अमीर खाँ यांच्या स्मरणार्थ समारोह होतात. लतादीदींचा जन्म इथलाच, त्यांच्या नावाचा पुरस्कार मध्य प्रदेश सरकार १९८४ पासून देतं. महाराष्ट्र साहित्य सभा, सानंद न्यास यांच्यासारख्या संस्था मराठी माणसाला इथे नाट्य-संगीताशी बांधून ठेवतात. दिवाळीच्या पहाटे गाण्याला बसणारं हे शहर आहे. राजवाड्यासमोरून रात्री सराफ्याकडे जाणाऱ्या गर्दीला विचारलं तर अमीर खाँ यांचं नाव दहांतल्या एक-दोघांना तरी माहीत असेल. बंदे अली, मुराद खाँ, बाबू खाँ, हलीम जाफर खाँ ही ओळ मात्र अंधारात आहे. गायकांना शहराने आपलं म्हटलं, तंतकारांना म्हटलं नाही. ज्या ओढीने इथला गळा घडवला, तीच शहराच्या स्मरणातून गळली.

ही चूक सुधारता येण्याजोगी आहे. खाँसाहेबांनी १९७६ साली मुंबईत सतारीची अकादमी काढली, शिष्य तयार केले, पुत्र जुनैन खाँ यांना तालीम दिली, आपल्या बाजाची पद्धत समजावून ठेवली. ध्वनिमुद्रणं आहेत. चित्रपटांतली सतार तर साऱ्या देशाजवळ आहे. इंदूरच्या संगीत महाविद्यालयात सतार शिकणाऱ्या मुलामुलींना मसीतखानी आणि रजाखानी गतींबरोबर जाफरखानी बाजातलं कृंतन रीतसर शिकवता येईल. दर ४ जानेवारीला इथे एक बैठक ठेवता येईल, आधी बीन, मग सतार, शेवटी ख्याल. एकाच रागाची मींड तीन जागी कशी बदलते आणि कशी तीच राहते, हे तरुण कानांना एका संध्याकाळी कळेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. चांगले वादक, लहान दिवाणखाना आणि ध्वनिवर्धकाशिवाय बसायला तयार असलेले शंभर श्रोते पुरतात.

बंदे अलींपासून हलीम जाफर खाँ यांच्यापर्यंतची कहाणी मला एकच गोष्ट शिकवते. बीनेला वाचवलं ते तिला मखरात बसवणाऱ्यांनी नव्हे. तिचा सूर गळ्यात नेणाऱ्या गवयांनी, सतारीत आणणाऱ्या वादकांनी, नाटकाच्या आणि सिनेमाच्या चालीत मिसळणाऱ्या संगीतकारांनी वाचवलं. त्यांच्यावर शुद्धता बाटवल्याचा ठपका ठेवणारे लोक होतेच, तरी ते पुढे गेले. ब्लूजच्या वाट्यालाही हेच आलं : शेतातून स्टेशनवर, स्टेशनवरून शहरात, साध्या गिटारीतून विजेच्या गिटारीत, आणि तिथून अख्ख्या जगात. म्हणून पुढच्या वर्षी इंदुरात कोणी विजेच्या गिटारीवर दरबारीचा गंधार ओढू पाहणारा पोरगा भेटला, तर त्याला हटकू नये. त्याला हलीम जाफर खाँ यांची सतार ऐकवावी, आणि डावा हात कसा ठेवायचा ते दाखवावं.